लपवलेला ढोलकीवाला

समस्त नागरिक बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, विसावं शतक संपायला दोन-तीन वर्षं उरलेली असताना, कोल्हापूर शहरातल्या एका सभ्य, देवभीरू आणि तालीमबाज गल्लीत दोन इसमांनी संगनमत करून शब्द नसलेली गाणी वाजवली. या कृत्यासाठी एक गिटार आणि एक व्हायोलिन वापरण्यात आलं. गिटार माझी होती. व्हायोलिन ज्याचं होतं तो गृहस्थ संपूर्ण निष्पाप होता, आणि तरी पणाला लागलं ते त्याचं लग्न. आरोपी क्रमांक एक या नात्यानं माझा हा कबुलीजबाब.

तालमीच्या समोर माझं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एका घराच्या ओसरीला शटर लावलं होतं, एवढंच. एका गिऱ्हाईकानं आखातातून आणलेला टेपरेकॉर्डर पट्टा बदलायला टाकला आणि ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकलंच नाही. पट्टा बसवून मी तो चालू केला, तर आत एक कॅसेट होती. वर नाव नाही, गाव नाही. निनावी पत्र यावं तशी ती वाजायला लागली.

मी तोवर एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याचं काम लग्नातल्या करवलीसारखं असतं. चांगले कपडे घालायचे, कडेला उभं राहायचं आणि कुणाच्या आडवं यायचं नाही. या कॅसेटमधली गिटार मात्र बोहल्यावरच चढून बसली होती. तिच्या शेजारी एक व्हायोलिन, आणि मागं कुठंतरी एक ढोलकीसारखं काहीतरी. ठक, ठकठक, ठक. तिघंजण आहेत असं मी धरून चाललो. आठ दिवस मी तो ढोलकीवाला शोधत होतो. कॅसेट पुढं-मागं करून, कान स्पीकरला लावून, एक बाजू बंद करून. नवव्या दिवशी कळलं की ढोलकीवाला नाहीच. गिटार वाजवणाराच तारा छेडता छेडता लाकडावर बोटं आपटत होता. म्हणजे बघा, ज्या संशयानं पुढं आमची बेअब्रू झाली, तो संशय सर्वांत आधी मला आला होता.

समोरच्या बोळात एक व्हायोलिन मास्तर राहायचा. एका शाळेत तो संगीत शिकवायचा, तेही तात्पुरता. 'तात्पुरता' हा शब्द त्याला सातव्या वर्षीही लागूच होता. त्याला बोलावून कॅसेट ऐकवली. त्यानं मांडी घातली, डोळे मिटले आणि शेवटी म्हणाला, "सूर भैरवीचे आहेत. पण चाल घर सोडून पळून गेलेल्या पोराची आहे."

पुढं ऑर्केस्ट्रात आलेल्या एका गोव्याच्या ट्रम्पेटवाल्यानं खुलासा केला. हे स्पेनमधलं, याला फ्लेमेन्को म्हणतात, आणि खाली जो ठेका चाललाय तो तिकडचा नाही, समुद्रापलीकडून क्यूबा वगैरे मुलखातून आलाय, त्याचं नाव रुंबा. आम्ही माना डोलावल्या. रुंबा आम्हाला परका वाटला नाही. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडते ना, तिच्या मावसभावासारखा वाटला.

मग तालीम सुरू झाली. आमची, पैलवानांची नव्हे. दुपारी दोन ते चार कोल्हापूर झोपतं. त्या वेळात शटर ओढून घ्यायचं आणि आत बसायचं. मी स्टुलावर, तो खाली सतरंजीवर, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून, कारण त्याला गुरूनं तसंच शिकवलं होतं. आता दोन तरणे पुरुष भर दुपारी शटर ओढून काय करतात, हा प्रश्न गल्लीला पडणं स्वाभाविक होतं. एक मत असं होतं की आत जुगार चालतो. दुसरं, की आम्ही चोरून कॅसेटी छापतो. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तिसरं मत मांडलं. त्या जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "भिंत पाडायचं चाललंय काय रं? आणि ती बाई कोण रडतीया आत?"

रडणारी बाई म्हणजे आमचं व्हायोलिन. मास्तरला ते दोन दिवस लागून राहिलं.

गणपती जवळ आले तसा मी तालमीच्या अध्यक्षांकडे कार्यक्रम मागायला गेलो. ते कट्ट्यावर बसून शेंगा फोडत होते.

"गाणार कोण?"

"कोणीच नाही."

"आजारी हाय?"

"नाही हो, गाणंच नाही. नुसतं वाजवणार."

"म्हंजे गाणं सुरू व्हायच्या आदी वाजवत्यात, तसलं?"

"तसलंच. पण शेवटपर्यंत."

अध्यक्षांची शेंग हातातच राहिली. "नाचणारी?"

"नाही."

"मग बघायचं काय, मर्दा? आणि शब्द का न्हाईत? काय वंगाळ हुतं व्हय त्यात, म्हणून काढलं?"

"मुळातच नाहीत. स्पेनचं संगीत आहे ते."

"शब्दच न्हाईत, तर स्पेनचं हाय हे तुला कुणी सांगितलं?"

"गोव्याच्या ट्रम्पेटवाल्यानं," मी म्हणालो. अध्यक्षांनी हातातली शेंग फोडली आणि पाचव्या दिवशी दुपारी चारची वेळ दिली. बायकांची पाककला स्पर्धा संपल्यानंतर आणि आरतीच्या आधी. "त्या टायमाला कोण नसतंय," ते म्हणाले, "म्हंजे काय झालं तरी नुकसान न्हाई."

आता लग्नाकडे येतो. मास्तर तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि तीन स्थळं त्याच्या हातातून गेली होती, तिन्ही एकाच पद्धतीनं. मुलीचे वडील विचारत, मुलगा काय करतो? व्हायोलिन वाजवतो. ते झालं, पण काम काय करतो? इथं चहा येई, आणि चहानंतर स्थळ जाई.

चौथं स्थळ मुरगूडचं. वडिलांच्या सात म्हशी आणि थोडा ऊस. मुलगी गावातल्या दूध संस्थेत फॅट काढायच्या कामाला. म्हणजे गावातून आलेलं दूध तपासायचं आणि कुणी पाणी घातलंय ते ओळखायचं. खोटं दूध तिच्यापुढं टिकत नाही अशी तिची ख्याती होती. मास्तर मामांबरोबर जाऊन पोहे खाऊन आला आणि घरी न जाता थेट माझ्या दुकानात येऊन बसला.  मी दोन रेडिओ दुरुस्त केले. मग तो आपणहून म्हणाला, "चारच तारा, म्हणाली."

"कोण?"

"ती. मी व्हायोलिनचं सांगितलं, तर म्हणाली, चारच तारा? आणि एवढं सगळं त्यातनंच?"

एवढंच. पण माणूस कामातून गेला हे मला दिसलं. पुढचे कित्येक दिवस वाजवता वाजवता तो मध्येच थांबायचा आणि चारही तारांकडे नव्यानं ओळख झाल्यासारखा बघायचा. तिकडून मात्र मुलीच्या वडिलांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. "कळवतो," म्हणाले होते. आमच्याकडे 'कळवतो' याचा अर्थ 'चौकशी करतो' असा असतो. मुलीकडचा कुणीतरी गुपचूप येतो, न्हाव्याकडं बसतो, गिरणीत उभा राहतो, पानपट्टीवर टेकतो आणि मुलाची कुंडली गल्लीकडून काढून घेतो.

तर एक दिवस माझ्या दुकानात एक पाहुणे आले. धोतर, पांढरी टोपी, जाड भिंगाचा चष्मा, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी ट्रान्झिस्टर काढला.

"बिघडलाय."

मी बटण फिरवलं. गुळाचे बाजारभाव खणखणीत आवाजात सुरू झाले.

"चांगला चालू आहे की."

"आत्ता चाललाय. घरात बंद पडतंय." आणि ते स्टुलावर बसले. त्यांच्या पिशवीवर मुरगूडच्या एका कापड दुकानाचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं होतं. गुप्तहेर पिशवी बदलायला विसरले होते.

"समोरच्या बोळातलं त्ये व्हायोलिन मास्तर," ते छताकडं बघत म्हणाले, "वळखीचं हायत?"

"आहेत की."

"दारू?"

"नाही."

"तंबाखू?"

"नाही."

"सुपारी तरी?"

"तीही नाही."

पाहुण्यांचा चेहरा काळजीनं भरला. "कायच न्हाई? मग काय तरी मोठं असणार."

मी हसू दाबायला स्क्रू शोधू लागलो. ते पुढं झुकले. "दुपारी शटर वडून दोघं बसत्यात म्हणं. त्यो दुसरा कोण?"

"तो मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बैलबाजारात पाहतात तसं. मग नाटक सोडून दिलं आणि मुलीचे वडील म्हणून सरळच बोलले, "हे बघा पावणं, पोटापाण्याचं पुढचं पुढं. पोरगी बी मिळवती. आमाला फकस्त एक गोष्ट चालत न्हाई, खोटा माणूस. आमच्या घरात पाणी घातलेलं काय चालत न्हाई. आता वाजवत्यात म्हणं. पर काय वाजवत्यात, कसं वाजवत्यात, कुणी बघितलंय? शाळेत विचारलं तर तिथं पेटी शिकवत्यात. गल्लीत विचारलं तर म्हणत्यात, शटर बंद."

इथं माझा स्वभाव आडवा आला. 'काका, मुलगा सोन्यासारखा आहे, डोळे झाकून द्या' असं म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण समोर एवढा रंगलेला प्रवेश असताना पडदा पाडणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हणालो, "विचारून काय कळणार? गणपतीच्या पाचव्या दिवशी चार वाजता या. डोळ्यांनी बघा. मुरगूडहून मुलीलाही आणा."

"आमी मुरगूडचं हे तुमाला कुणी सांगितलं?"

"पिशवीनं," मी म्हणालो.

त्यांनी पिशवी उलटी करून पोटाशी धरली आणि ट्रान्झिस्टर घेऊन गेले. संध्याकाळी मास्तरला हे सांगितलं तेव्हा तो उठून उभाच राहिला. "तू त्यांना बोलावलंस? तालमीसमोर? या लोकांपुढं?"

"अरे, ऐकतील, खूश होतील, नारळ देतील."

"तू माझं वाटोळं करणार," तो म्हणाला. हे तो अगदी शांतपणे म्हणाला.

पाचवा दिवस उजाडला. स्टेज म्हणजे चार बाकडी, वर फळ्या, पुढं झालर, मागं आरास. आमच्या इतक्या दिवसांच्या वाजवण्याची एकही नोंद आमच्याकडे नव्हती, म्हणून मी दुकानातला एक टेपरेकॉर्डर नेला, त्यात कोरी कॅसेट घातली आणि तो स्टेजखाली, झालरीच्या मागं ठेवला. उघड्यावर ठेवला असता तर कुणीतरी बटणं दाबली असती. म्हणून लपवला. एवढं साधं कारण. वाजवायला बसायच्या आधी हळूच रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि स्टुलावर बसलो. मास्तर माझ्या पायाशी सतरंजीवर. समोर पाककलेच्या ताटल्या घेऊन बसलेल्या पंचवीस-तीस बायका, कट्ट्यावर ओळीनं पैलवान, आणि उजव्या हाताला तिसऱ्या ओळीत पांढरी टोपी. टोपीच्या एका बाजूला मुलीची आई, दुसऱ्या बाजूला ती. मास्तरनं एकदाच तिकडं पाहिलं आणि नंतर पूर्ण वेळ स्वतःच्या अंगठ्याकडं.

आम्ही सुरुवात केली. पहिला तुकडा संथ होता, नुसत्या विचारपुशीसारखा. तीन मिनिटं झाली. मागून एक आवाज आला, "झालं न्हाई व्हय जुळवून? सुरू करा की!"

म्हणून आम्ही थेट रुंबा धरला. त्या वाजवण्यात उजव्या हाताची बोटं एकामागून एक पंखा उघडावा तशी तारांवरून फिरतात, आणि मध्येच तळवा आणि नखं लाकडावर पडतात. ठक, ठकठक, ठक. व्हायोलिन वरून घारीसारखं तरंगत जातं. माना वर झाल्या. मला वाटलं, जिंकलं. पण त्या माना आमच्याकडं वळल्या नव्हत्या. त्या इकडं-तिकडं वळत होत्या. माणसं काहीतरी शोधत होती.

"ढोलकी कोण वाजवतंय रं?"

"कुठाय ढोलकी?"

"मागं बघ की. पडद्याच्या मागं बसवलाय."

"माणसं दोन आणि आवाज चार. घोळ हाय भावा."

पुढं आम्ही नेसरीत वाजवलं, जयसिंगपुरात वाजवलं, नवं शतक लागलं, लोकांच्या खिशात मोबाईल आले, तरी प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी स्टेजमागं जाऊन यायचाच. पण ती पहिली वेळ होती आणि आम्हाला सवय नव्हती. आम्ही वाजवतच राहिलो. एक पैलवान उठला, आरास बाजूला करून गणपतीच्या मागं डोकावला, परत आला आणि हातानंच 'न्हाई' म्हणाला. मग दुसरा, त्याच्याहून जाडा, स्टेजपाशी आला, गुडघे टेकले आणि झालर वर उचलली. तो कमरेपर्यंत आत गेला. मला त्याचे फक्त पाय दिसत होते. मग आतून, गुहेतून यावा तसा आवाज आला.

"सापडली! टेप हाय हितं! फिरतीया!"

 समोर चार ताटल्या खाली पडल्या. पैलवानानं टेपरेकॉर्डर दोन्ही हातांत धरून वर केला, आतली कॅसेट अजून फिरत होती, आणि सगळी गल्ली एका सुरात म्हणाली, "आयला!"

"अहो, ते रेकॉर्डिंग आहे!" मी ओरडलो. "आम्ही वाजवतोय ते आत भरतंय! थांबा, दाखवतो!"

आणि मी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. टेप मागं नेली आणि लावून दाखवली. टेपमधून काय येणार? आम्ही आत्ताच वाजवलेलं, हुबेहूब तेच, ढोलकीसकट.

"बघा! ह्येच हाय आत!" अध्यक्ष म्हणाले. "ह्येच लावलंतं आणि पुढं नुसता हात हलवत बसलंतं!"

"अहो, ऐका ना नीट! मध्ये तुमचं 'सुरू करा की' पण ऐकू येतंय!"

सगळ्यांनी कान लावले. टेपमधून 'सुरू करा की' आलं. पाठोपाठ कुणाचा तरी घसा खरवडल्यासारखा खोकला आला. पहिल्या ओळीतले एक वयस्कर काका छातीवर हात ठेवून उभे राहिले. "ह्यो तर माझा खोकला! ह्यांनी माझा खोकला कवा चोरला?"

त्यानंतर बाजू मांडण्यात अर्थ नव्हता. मी मास्तरकडं पाहिलं. तो व्हायोलिन मांडीवर आडवं घेऊन बसला होता आणि तिसऱ्या ओळीकडं न बघण्यासाठी सगळी ताकद लावत होता. पांढरी टोपी तिथून उठली होती. मला वाटलं, चालले एसटी स्टँडकडं. मास्तरलाही तेच वाटलं असावं, कारण त्यानं व्हायोलिनचा गज पेटीत ठेवायला घेतला.

पण ते स्टेजकडं आले. गर्दी बाजूला झाली. "आमी मुरगूडचं," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "आमचा हितं संबंध हाय." संबंध कसला ते त्यांनी सांगितलं नाही, पण बायकांनी तिसऱ्या ओळीतल्या मुलीकडं बघितलं आणि काय ते ओळखलं. आता गल्लीला कळलं की हा नुसता कार्यक्रम नाही, स्थळ आहे. गर्दी दुप्पट झाली.

"मला एक सांगा," पाहुणे अध्यक्षांना म्हणाले, "तुमी शहरातली माणसं दूध कसं घेता?"

"दुधाच्या कट्ट्यावर जाऊन. समोर धार काढून."

"का? पिशवीतलं का न्हाई?"

"पाणी घालत्यात. म्हस डोळ्यांम्होरं पाहिजे, धार डोळ्यांम्होरं पाहिजे. मग संशयच न्हाई."

"मग हितं बी तसंच करा की! लाईट बंद. माईक बंद. टेप माझ्यापाशी. ह्यांना खाली बसवा, सगळ्यांच्या मधी. काढू देत धार."

याला कोण नाही म्हणणार? त्या गल्लीत निम्मे लोक सकाळी पेला घेऊन म्हशीच्या शेजारी उभे राहणारे. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला. पंखे थांबले, गणपतीमागचं फिरतं चक्र थांबलं. पाहुण्यांनी टेपरेकॉर्डरमधले सेल एकेक करून काढले, खिशात घातले आणि वरून खिसा चाचपला. मग आम्हा दोघांना तालमीच्या कट्ट्यावर बसवण्यात आलं. माझ्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर जाडा पैलवान, मास्तरच्या कोपराशी अध्यक्ष. खोकल्यावाले काका समोर खाली बसले, तोंडावर हात ठेवून, पुन्हा चोरी होऊ नये म्हणून.

आम्ही वाजवलं. मी खोटं कशाला बोलू, पहिल्या ओळी भयानक आल्या.  मग मी ठेका धरला, लाकडावर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. ठक, ठकठक, ठक. पैलवानानं माझ्या बोटांकडं बघत बघत मान माझ्या मांडीपर्यंत आणली. पाहुण्यांनी विचारलंसुद्धा नाही, आपला पंजा माझ्या गिटारच्या पाठीवर ठेवला, गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा. चार ठेके त्यांनी पंज्यात मोजले.

"हितं हाय," ते म्हणाले. "ह्यातच हाय ढोलकी. ह्यो माणूस खरा हाय."

गल्लीनं सुस्कारा सोडला. मी निर्दोष सुटलो होतो. पण लग्न माझं नव्हतं. पाहुण्यांनी हात काढला, चष्मा सारखा केला आणि ते मास्तरकडं वळले. मास्तरनं शेवटचा सूर ओढून गज खाली घेतला.

"आता ह्ये," ते म्हणाले. "ह्यात काय हाय?"

आणि मास्तर काही बोलायच्या आत त्यांनी व्हायोलिन त्याच्या हातातून घेतलं. उलटं केलं, वाजवून पाहिलं, म्हणजे नारळ वाजवून पाहतात तसं. कानाशी हलवलं. मग सदऱ्याच्या खिशातून बॅटरी काढली, तारांच्या बाजूला ज्या दोन लांबट भेगा असतात त्यांतल्या एकीवर धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. बराच वेळ.

"दांडका हाय!" ते ओरडले. "आत लाकडाचा दांडका उभा केलाय! ह्यो कशापायी लपवलाय?"

गर्दी पुन्हा पुढं सरकली. "दांडका? बघू बघू!"

आता इथं मला गंभीर व्हावं लागेल. व्हायोलिनच्या पोटात एक बारीक दांडी खरंच उभी असते. ती चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानं तेवढी उभी राहते आणि वाद्याचा सगळा आवाज तिच्यावर तोललेला असतो. ती पडली की व्हायोलिन म्हणजे नुसतं खोकं. परत बसवणारा माणूस तेव्हा आमच्या माहितीत वाद्यं बनवणाऱ्या मिरजेतसुद्धा नव्हता. हे मला ठाऊक होतं, मास्तरला ठाऊक होतं, आणि पाहुण्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेलं चांदीचं कानकोरणं काढलं आणि ते त्या भेगेतून आत घालायला लागले.

मी मास्तरकडं पाहिलं.  त्याचे दोन्ही हात पुढं आले होते आणि हवेतच थांबले होते. मला त्याच्या मनातलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. हात घालून ओढून घ्यावं, तर होणाऱ्या सासऱ्याच्या हातातून हिसकावलं असं होणार. 'बघू देत नाही' म्हणजे आत नक्की खोट आहे. स्थळ गेलं. आणि गप्प बसावं तर व्हायोलिन गेलं. ज्याच्यापायी आधीची तीन स्थळं गेली, ते. तो गप्प बसला. मी त्याला दोष देत नाही. मी स्वतः तोंड उघडलं होतं, पण त्या दिवशी माझ्या शब्दाला टेपइतकीही किंमत राहिली नव्हती. "अहो काका, तो दांडा असतोच," मी म्हणालो. "असतोच तर मग दाखवाय काय हुतंय?" अध्यक्ष म्हणाले, आणि गल्लीला ते पटलं.

कानकोरणं अर्धं आत गेलं. आत कुठंतरी लाकडावर 'टिक' असं वाजलं. मास्तरनं डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या ओळीतली खुर्ची आडवी पडली. सगळे वळले. ती उभी होती, पदर खोचलेला, पहिल्यांदाच मान वर. शंभर-सव्वाशे माणसं, एक गणपती आणि तिची स्वतःची आई यांच्यादेखत ती तालमीच्या भिंती दणाणतील अशा आवाजात ओरडली,

"आबा, मोडंल की त्ये! ठेवा खाली! माझ्या नवऱ्याचं हाय त्ये!"